नवलच्या वाट्याची सव्वा मूठ

इंदरमलच्या दुकानात तो पाठमोरा उभा होता. पोत्यातला एकेक नारळ कानाशी धरून हलवायचा, आतल्या पाण्याचा आवाज ऐकायचा, खाली ठेवायचा. कानबाई देवीच्या नारळात पाणी भरपूर हवं, असं माय नेहमी सांगायची. तेवढ्यात गल्ल्यावरून हाक आली, "अरे नवलभाऊ, कोठे व्हतात इतला दिन?" हाकेत वाईट काहीच नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकाला मारलेली, ओळखीची, किंचित खुशामतीची हाक. पण कुंदनच्या कानाशी हलणारं पाणी एकाएकी गप्प झालं. नवल त्याचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन या आषाढात तीन वर्षं झाली होती. कुंदन वळला. इंदरमलनं जीभ चावली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि त्या सत्तरीतल्या माणसाचा चेहरा ओशाळून लहान मुलासारखा झाला. "कुंदनभाऊ, तुम्ही शेतस का. माफ करज्यात. पाठमोरा बिलकुल तोच दिसनात. लई वाळी गयात." "वाळनू नही शेठ, सुधरनू," कुंदन म्हणाला, गेल्या अकरा महिन्यांत हे उत्तर त्याच्या जिभेवर बसलं होतं. "सुनं मी बी. सोडी दिन्ही म्हने," नारळाची शेंडी उगाच नीट करत इंदरमल म्हणाला. "अच्छा करं. आमना जैन लोकस्ले तर आठ आठ दिन उपास करीसन बी इतलं वाळता येस नही." दोघं हसले. नारळ, गूळ आणि लाल फडकं पिशवीत गेलं. दुकानाची पायरी उतरताना मात्र कुंदनला वाटलं, आपल्या पाठीवर कुणीतरी अजून बघतं आहे. आणि जे बघतं आहे ते आपल्या पाठीकडे नाही, आपल्या पाठीतून आरपार, दुसऱ्याच कुणाकडे.

त्याला हे अगदीच अनपेक्षित होतं असं नाही. आरसा त्याला हे कधीपासून सांगत होता, त्यानं ते कानाआड केलं होतं. मागच्या भाद्रपदात, पाटबंधारे कार्यालयातल्या त्याच्या नेहमीच्या टेबलाशी, एका साध्या कागदावर सही करताना त्याच्या हाताला सहीच आठवेना. नाव आठवत होतं, अक्षरं आठवत होती, पण बोटं पेनाभोवती थरथरत राहिली. तो थरथराट त्यानं त्या दिवशी प्रथमच शुद्धीत पाहिला. डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद उलटसुलट केले आणि फार शांतपणे सांगितलं की यकृत अजून मागे फिरू शकतं, रक्तदाबही उतरेल, झोप येईल, डोक्यावरचं ओझं हलकं होईल. मात्र आज दारू सोडली तर. त्यानं सोडली. पहिले तीन आठवडे अंगातून कुणी खिळे उपसत असावं तसे गेले. मग हळूहळू देह परत येऊ लागला, गाव सोडून गेलेला माणूस एकेक वस्तू घेऊन परतावा तसा. आधी भूक आली. मग पहाटेचा गारवा, मग चहात आल्याची चव, आणि कित्येक वर्षांनी पावसाळी मातीचा वास. हात स्थिर झाले. नऊ किलो वजन उतरलं. ऑफिसातली तरणी पोरं 'साहेब, टेन्शन दिसत नाही आता चेहऱ्यावर' म्हणू लागली, आणि ते खरंच होतं. फक्त संध्याकाळी सात वाजता एक रिकामी जागा घरात येऊन बसायची. पूर्वी त्या जागी बाटली असे, म्हणून दिसत नसे. आता ती स्वच्छ दिसू लागली, आणि तिला बसण्याची एक ढब होती, डावा पाय उजव्याखाली दुमडून, नवलसारखी. दाढी करताना गालांवरची सूज ओसरत गेली आणि तिच्याखालून हाडं वर आली. ती हाडं कुंदनची नव्हती, किंवा दोघांचीही होती. तो साबण लवकर धुऊन टाकायचा.

तळोद्याच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर, पिशवीत नारळ. बायको, रुपा, कालच मायकडे पुढे गेली होती. मुलगा नवनीत सुरतेला नोकरीत होता, त्याला सुटी नव्हती. पण कानबाईला माणूस हजर असावा लागत नाही, जिवंत असावा लागतो. श्रावणातल्या या रविवारी घराण्यात कानबाई बसते, आणि आदल्या दिवशी तिच्या रोटांसाठी गहू मोजले जातात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही सव्वा मूठ आणि परदेशी गेलेल्याचीही. जो गेला त्याची मूठ बंद होते. ज्याची मूठ नाही त्यानं तो रोट तोडायचा नाही. घराण्यातली सर्वांत थोरली बाई मोजते. त्यांच्याकडे गेली बावीस वर्षं माय मोजत होती. मोठ्यानं नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. नाव आणि मूठ ही एकच गोष्ट असल्यासारखी. नवल गेला त्या श्रावणात सुतकामुळे कानबाई बसलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कुंदन भर दुपारी पिऊन गेला होता. उंबऱ्याला ठेचकाळला, हसला, आणि भिंतीला टेकून बसला. मायनं सगळ्यांची नावं घेतली. त्याच्या वेळी तिचा हात सुपावर थांबला. मग ती नुसतं "हाई एक" म्हणाली आणि सव्वा मूठ टाकली. नशेतही ते त्याला ऐकू आलं. मागच्या वर्षीही तसंच, हाई एक. मूठ होती, नाव नव्हतं. आज तो जात होता तो त्या नावासाठी. डॉक्टरांच्या कागदावर, पगारपत्रकावर, रुपाच्या तोंडी ते नाव होतं. पण ते जिथून निघालं होतं तिथं बंद झालं होतं. अकरा महिने तो संध्याकाळच्या सात वाजता स्वतःला एवढंच सांगत आला होता, की श्रावणात मी मायसमोर तोंडाला वास नसलेला जाऊन बसेन, आणि ती म्हणेल, कुंदननी.

बाहेर पपईचे मळे मागे पळत होते, कापूस गुडघ्याएवढा झाला होता, आणि पलीकडे सातपुडा ढगांमध्ये अर्धा बुडून उभा होता. नदी जवळ आली की त्याला तो दिवस आठवायचाच. पूर्वी तो आठवू नये म्हणून तो नंदुरबारहूनच पिऊन निघत असे. कुंदन तेव्हा पंचवीस वर्षांचा, नोकरीची ऑर्डर त्याच दिवशी हातात पडलेली, नवल एकोणीस. तापीच्या काठावर, निंबाखाली, मित्रांनी डोंगरातून मोहाची आणलेली. वर्तमानपत्रावर फुटाणे आणि कांदा. नवल लांब बसून पाण्यात खडे मारत होता. त्याला नको होती; त्याला तो वासच सहन होत नव्हता. "भाऊ, तू ले, मी तुन्हा आनंद देखस," तो म्हणाला होता. मित्र हसले. आणि कुंदनला, का कुणास ठाऊक, त्या हसण्यानं आपला मोठेपणा उणा पडल्यासारखा वाटला. त्यानं स्टीलचा पेला पुढे केला आणि म्हणाला, "मन्ही आन शे तुले. एक घोट ले." थोरल्या भावाची शपथ. नवलनं डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसा घोट घेतला. मग डोळे उघडून तो हसला, आणि ते हसू कुंदनला इतकं आवडलं की त्यानं पेला परत भरला. घरी पोचेपर्यंत नवलचे पाय एकमेकांत अडकत होते. माय ओट्यावर होती. कोपऱ्यातली गुरांची काठी तिनं उचलली आणि नवलला मारली, खांद्यावर, दंडावर, पोटरीवर. आणि कुंदन दारात उभा राहिला, खिशात ऑर्डर, तोंडात बडीशेप. एक शब्द बोलला नाही. नवलही बोलला नाही. मार खाताना त्यानं फक्त एकदा भावाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तक्रार नव्हती. तक्रार असती तर कदाचित कुंदनला पुढची वीस वर्षं एवढं प्यावं लागलं नसतं.

ती वीस वर्षं नंतर एका रस्त्यासारखी सरकली. विसरवाडीच्या अलीकडचे ढाबे, मोटारसायकलवर मागे बसलेला नवल, दोघांनी एकमेकांना सांभाळत घरी आणणं. कुंदनचं शरीर जाड, सोसणारं, नवलचं बारीक. बारीक शरीर आधी गेलं. दवाखान्यात नवलचे डोळे हळदीसारखे झाले होते, पोट फुगलं होतं, हातांच्या काड्या झाल्या होत्या. कुंदननं त्याच्या उशाशी वाकून, स्वतःच्या तोंडाचा वास लपवत, कुजबुजून सांगितलं, "सोड आते, नवल. मन्ही आन शे तुले." नवल हसला. तेच हसू, नदीकाठचं. म्हणाला, "भाऊ, तुन्ही पहिली आन पाळी ऱ्हायनू ना अजून. दुसरी कशी पाळू?" गंमत करत होता तो. त्याला खरंच गंमत वाटली असावी, कारण हसताना त्याला खोकला आला आणि नर्सनं कुंदनला बाहेर काढलं. आठव्या दिवशी तो गेला. त्याच्यामागे बायको, रंजिता, मूलबाळ नाही. तेराव्याला माय काही बोलली नाही, रंजिता काही बोलली नाही. त्या दोघींचं न बोलणं कुंदननं आणखी दोन वर्षं पेल्यात ओतून पाहिलं. ते विरघळत नव्हतं.

घर समोर आलं. स्लॅबचं, पुढे पत्र्याची पडवी, सारवलेलं अंगण. रंजिता नळाशी हंडा भरत होती. त्याला बघून तिनं पदर पुढे ओढला. तिच्या हातातला तांब्या हंड्यावर क्षणभर अधांतरी राहिला, पाणी सांडत. माय पडवीत भिंतीला टेकून बसली होती. उन्हाळ्यातल्या तापानंतर ती विसरते असं रुपा सांगायची. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तो आला नव्हता, ऑफिसचं निमित्त पुढे करून. खरं तर गावात दर कोपऱ्यावर त्याच्या पिण्याचा एकेक सोबती उभा होता आणि त्याचा स्वतःवर अजून भरवसा नव्हता. तो वाकला. मायनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गेल्या कित्येक वर्षांत तिनं असं केलं नव्हतं. अंगठ्यांनी ती त्याच्या गालांची हाडं चाचपत राहिली. "उना का रे. वाळी गया पोऱ्या." "हाव माय." "तोंडले वास नही." "सोडी दिन्ही मी. अकरा महिना व्हयनात." मायचे डोळे, मोतीबिंदूचे, ढगाळ, भरून आले. "बरं करं," ती म्हणाली, "लई बरं करं." तिच्या तळव्यांत त्याचा चेहरा होता आणि कुंदनला वाटलं की आपण एका लांब, काळोख्या बोळातून बाहेर आलो. हे इतकं सोपं होतं. एवढ्यासाठी आपण इतकी वर्षं भीत होतो. आत जे उठलं ते दारूच्या तहानेसारखंच होतं, फक्त उलट्या दिशेनं वाहणारं.

जेवणाच्या वेळेआधी गहू मोजायला घेतले. दगा काका आले होते, बापाचे धाकटे भाऊ, पांढरी टोपी, गुडघ्यांवर हात. त्यांचे दोन मुलगे उंबऱ्याशी. घराण्यात आता सहा पुरुष: काका, त्यांचे दोघं, एक नातू, कुंदन आणि नवनीत. काका बोटांच्या पेरांवर मोजत होते, मूठ चुकू नये म्हणून. मायसमोर निवडलेल्या गव्हांचं सूप, बाजूला कोरी टोपली. ती मूठ भरायची, टोपलीत सोडायची, मग तीन बोटांच्या चिमटीत वरची पाव मूठ. "दगानी," ती म्हणाली. गव्हांचा आवाज टोपलीच्या तळाला पावसासारखा झाला. काकांच्या मुलांची नावं घेतली. नातवाचं घेतलं, आणि उंबऱ्याशी कुणीतरी "त्यानी मूठ लहान भर माय, तो अजून दूधच पेस" म्हणून हसलं. "नवनीतनी." कुंदन ताठ बसला. आता त्याची पाळी. तो विचार करत होता की नाव ऐकताना आपण कुठं बघायचं, मायकडे की टोपलीकडे. मायनं मूठ भरली. तिनं मान वर केली, सरळ त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या सुरकुत्यांमधून इतकं कोवळं हसू वर आलं की तो पुढे झुकला. "नवलनी," ती म्हणाली. गहू पडले. वरची पाव मूठ तिनं थोडी जास्तच घेतली. मग दोन्ही हात झटकले आणि टोपलीवर लाल फडकं ओढलं. "सहा," काका पेरावरचा अंगठा सोडत म्हणाले, "बराबर शे." त्यांच्या कानांना कमी ऐकू येत होतं, पण त्यांनी ऐकलं असतं तरी मोजणी बरोबर होती. सहा पुरुष, सहा मुठी. चूक फक्त नावात होती, आणि ती अशी चपखल बसली होती की टोपलीत कुठंच दिसत नव्हती. रुपा मागच्या चुलीपाशी भोपळा चिरत होती, मुलगे चहाकडे वळले होते. ऐकलं होतं दोघांनीच. कुंदननं, आणि खांबाला टेकून उभ्या असलेल्या रंजितानं.

"माय," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "माय, मी..." रंजिता पुढे आली आणि टोपली उचलली. "गिरणी बंद व्हई जाई," ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली. "पीठ आज व्हवाले जोयजे." टोपलीतले गहू तिनं फडक्यात बांधले आणि गाठोडं घेऊन ती अंगणात गेली, आणि ते गाठोडं गिरणीवर घराण्यातल्या पुरुषानं न्यायचं असल्यामुळे कुंदनला तिच्यामागे जावं लागलं. या घरात धाकट्या भावाची बायको जेठाशी समोरासमोर बोलत नसे. लग्न होऊन अठरा वर्षं झाली, ती त्याच्याशी थेट दहा वाक्यंही बोलली नसेल. आताही ती त्याच्याकडे पाठ करून, हंड्याकडे बघत बोलली. "मायले सांगू नका, भाऊ." तो गाठोड्यासाठी हात पुढे करून थांबला. "आखाजीपाईन असंच शे. आखाजीले त्यास्नी घागर तुमना नावनी भरी." त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात. कुंदननं ते वाक्य ऐकलं आणि ते त्याच्या आत कुठं ठेवायचं हे त्याला कळेना. "मन्हा नावनी?" "हाव. मी चूप बठनी. रुपाताईस्ले बी सांगं नही. रोज सकाये माय इचारतस, नवल कोठे गया. मी सांगस, वावरमा. दुपारले इचारतस, जेवाले का उना नही. मी सांगस, येई आते. तीन महिना व्हयनात, मी त्यास्ले रोज वावरमाच धाडी ऱ्हायनी." तिचा आवाज कापला नाही. "आज पहिला दिन शे, त्यास्नी इचारं नही." नळ थेंब थेंब गळत होता. गाठोड्याची गाठ तिनं पुन्हा घट्ट केली आणि ते त्याच्या हातात देताना पहिल्यांदा, पदराच्या आडून, त्याच्याकडे पाहिलं. "त्यास्नं बठ्ठं जगनं तुमनापायी गयं. दोन दिन त्यास्नं नाव पांघरी ल्या. तुमले काय जड शे."

गाठोडं हलकं होतं. साडेसात मुठी गहू, इतकंच. तरी गिरणीपर्यंतच्या रस्त्यात त्यानं ते दोनदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. गिरणीवाल्यानं जातं पुसून घेतलं होतं, नवं फडकं बांधलं होतं. पट्टा फिरू लागला आणि सगळ्यांचे गहू एक झाले. कुठला दाणा काकांचा, कुठला पोराचा, कुठला मेलेल्याचा, काही उरलं नाही; ऊन ऊन पीठ त्याच्या बोटांवर पडत राहिलं. दोघं भाऊ लहानपणी या पिठात हात घालून बसत. त्याला वाटलं, असं तर नाही की माय चुकली नाही? कदाचित तिनं फार नीट मोजलं. तिच्या दोन मुलांपैकी एक दारूनं गेला आणि एक दारू सोडून परत आला. जो पीत असे तो कुंदन, आणि जो शुद्धीवर आहे, वाळलेला आहे, ज्याच्या तोंडाला वास नाही, तो नवलच असणार, कारण तिच्या आठवणीत नवल हा तोच होता, नदीकाठच्या त्या दिवसाआधीचा. अकरा महिने त्यानं स्वतःमधून जे जे काढून टाकलं ते तेवढंच कुंदन होतं की काय? आणि उरलेल्या जागेत कोण येऊन राहिलं, हे आरसा, इंदरमल आणि माय, तिघांनाही त्याच्याआधी कळलं. समोरच्या टपरीच्या मागे हिरवा पडदा होता. तो पडदा त्याच्या चांगला ओळखीचा होता. पडद्याआडून कुणीतरी हाक मारली, "काय कुंदनभाऊ, येतस का?" या गावात आज त्याचं नाव घेणारा हा एकच आवाज. त्या क्षणी त्याला जे वाटलं ती तहान नव्हती. आपल्या नावाच्या मागे मागे जावं, एवढंच वाटलं. गिरणी थांबली. त्यानं पिठाचं गाठोडं उचललं आणि घरचा रस्ता धरला.

दिवस कलताना माय ओट्यावर बसली होती. तिनं त्याला जवळ बोलावलं, दंडाला हात लावला, उजव्या दंडाला, जिथं काठी नवलला लागली होती. "तव्हय मी तुले मारं," ती म्हणाली. "तुन्ही चूक नव्हती. पाजी त्यानी व्हती. मी जानत व्हती रे. मले समजनं व्हतं, तो दारमा उभा व्हता, तोंडमा बडीशेप. पन तो मोठा व्हता, नोकरीले लागेल व्हता. त्याले कशी मारू? म्हनीसन तुले मारं." तिची बोटं दंडावर फिरत राहिली. "अजून दुखस का?" चोवीस वर्षं. तिला माहीत होतं. ज्या गुपिताभोवती त्यानं आपलं सगळं आयुष्य गुंडाळलं होतं ते त्या संध्याकाळीच तिला कळलं होतं, बडीशेपेच्या वासासकट, आणि तिनं ते त्याच्यासाठी, थोरल्यासाठी, झाकून ठेवलं होतं. ही माफी नवलची होती. ती चुकीच्या दंडावर पडत होती, आणि ज्याचा दंड होता तो ती घेण्यासाठी कुठंच नव्हता. "नही माय," कुंदन म्हणाला, "दुखस नही." मायनं त्याची बाही नीट खाली ओढली. मग म्हणाली, "तू सोडी तशी त्याले बी सोडाले सांगता ना, तर तो बी ऱ्हाता आज. तुन्हं ऐकता तो. तुन्हावर लई जीव व्हता त्याना." त्यानं मान खाली घातली. हे एवढं एकच वाक्य दोघांपैकी कुणालाही म्हटलं असतं तरी खरं ठरलं असतं.

रविवारी कानबाई बसली. केळीच्या खांबांमध्ये चौरंग, चौरंगावर त्यानं आणलेला नारळ, नारळाला नथ आणि डोळे. बायका गाणी म्हणत होत्या. रुपाच्या कपाळावर हळद होती आणि ती त्याच्याकडे बघून समाधानानं हसली, कारण कित्येक वर्षांनी तिचा नवरा या दिवशी सरळ चालत होता. त्यानं तिला काही सांगितलं नाही. ऊन असतानाच पुरुष पंगतीला बसले. जाड, खरपूस रोट, वर तूप, बाजूला भोपळ्याची भाजी. रोट माय स्वतः वाटत होती, एकेकाच्या ताटात, नाव घेत. त्याच्यापाशी येऊन ती थांबली. "ले नवल," ती म्हणाली. गाण्यांच्या आवाजात ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. कुंदननं ताटातल्या रोटाकडे पाहिलं. ज्याची मूठ नाही त्यानं तोडायचा नाही. त्याचा हात मांडीवरच राहिला. तो आता स्थिर हात होता, सही विसरत नव्हता, पण त्याला हा रोट तोडता येईना. तेवढ्यात बांगड्या वाजल्या. रंजितानं त्याच्या ताटात भाजी वाढली, आणि मग थोडं थांबून, रोटाच्या कडेला, लिंबाच्या लोणच्याची एक फोड ठेवली. कुंदन लोणचं खात नसे. नवल खात असे. ती पुढच्या ताटाकडे गेली. त्यानं रोट तोडला. तो सावकाश चावत राहिला, दुसऱ्याच्या दातांनी, दुसऱ्याच्या भुकेनं, एका चाळिशीतल्या माणसासाठी जो यातलं काही खायला आता कधी येणार नव्हता. लोणच्याची फोडही त्यानं खाल्ली.

माय अजून समोरच बसली होती, त्याचं जेवण बघत. "रोट कोरडा ऱ्हास," ती म्हणाली आणि बाजूचा तांब्या उचलून तिनं दोन्ही हातांनी पुढे केला. "पानी पे." त्यानं तांब्या घेतला. पाणी गार होतं, तांब्याच्या काठाला राखेचा किंचित वास होता. तो पीत असताना ती हळूच म्हणाली, जणू देवीनं ऐकू नये, "कुंदनले तहान लई व्हती रे. जलमभर त्यानी तहान भागनी नही. म्हनीसन आखाजीले मी त्याले मोठी घागर भरी. काठोकाठ भरी." तिचे ढगाळ डोळे त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले. "तुले काय वाटस, नवल? पुरनी व्हई का त्याले?"

त्यानं तांब्या ओठांपासून काढला नाही. पाणी घशातून उतरत होतं, खाली, आणखी खाली, जिथं अकरा महिने कुणीतरी कोरडं बसून होतं. तळाचा शेवटचा घोट त्यानं घेतला. मग तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि मायकडे पाहिलं.

"पुरनी, माय," तो म्हणाला.